कोयनेच्या उशाला राहतो, तरी आपल्या लाइट बिलात धूर किती?

नमस्कार मंडळी. आज व्हिडिओ बघताना महावितरणचं बिल हातात घेऊन बसा. रक्कम बघू नका, तो त्रास नंतर. मधल्या तक्त्यात चालू रीडिंग, मागील रीडिंग, गुणक अवयव असे रकाने आहेत, आणि सगळ्यात शेवटी 'एकूण'. आपल्याला तेवढाच पाहिजे.

(बिल कॅमेऱ्याजवळ, बोट शेवटच्या रकान्यावर)

धरून चालू, एकूण १२० युनिट. आता ही वीज तयार होताना कार्बन डायऑक्साइड किती किलो हवेत गेला, ते काढायचंय.

साताऱ्यात हा विषय काढला की पहिलं उत्तर ठरलेलं: "आपल्याला काय त्याचं? आपली कोयनेची वीज, पाण्यावरची!" अभिमान रास्त आहे. १९६० मेगावॅटचा प्रकल्प आहे तो. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीकडे उतरतं आणि जनित्रं फिरतात, धूर नाही काही नाही. पण कोयनेतून पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडायची मुभा आहे. तेवढ्या पाण्यात सगळी जनित्रं बारा महिने चोवीस तास चालणं शक्यच नाही. म्हणून कोयना जपून वापरतात, सकाळ-संध्याकाळ मागणी चढली की. शिवाय ती वीज जाते राज्याच्या ग्रिडमध्ये, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्यात. तिथं चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याची कोळशाची वीज आलेलीच असते. आपल्या मीटरला येते ती ही सगळी एकत्र झालेली. अमुक युनिट कोयनेचं आणि तमुक चंद्रपूरचं, असं वेगळं काढता येत नाही.

चाळकेवाडीच्या पठारावरच्या, वनकुसवड्याच्या पवनचक्क्यांचंही तेच. आषाढात वारं सुटलं की गरागरा फिरतात, आणि उन्हाळ्यात लोक त्यांच्याखाली उभं राहून फोटो काढतात.

मग हिशेब करायचा सरासरीनं. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी देशातल्या वीजकेंद्रांची आकडेवारी घेऊन हे काढतं. कोळसा, गॅस, पाणी, वारा, ऊन, अणू सगळं धरून अलीकडचा आकडा एका युनिटमागे साधारण ०.७२ किलो आहे. नुसत्या कोळशाचा जवळपास १ किलो. तो कुठून येतो तेही बघा. आपल्या देशी कोळशात राख भरपूर, म्हणून एका युनिटला पाऊण किलोच्या आतबाहेर कोळसा लागतो. त्यात कार्बन पाव किलोच्या थोडा वर. पण जळताना कार्बनच्या १२ भागांना हवेतला ऑक्सिजन ३२ भाग चिकटतो आणि वजन होतं ४४, म्हणजे ३.६७ पट. पाव किलोचा एक किलो होतो तो असा. पेट्रोलही तसंच. एक लिटर पेट्रोल भरतं पाऊण किलो, आणि सायलेन्सरमधून बाहेर पडतो २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. कॉमेंटमध्ये दरवेळी कुणीतरी विचारतं, "वजन वाढलं कुठून?" हवेतून वाढलं, राव.

आता १२० गुणिले ०.७२, उत्तर ८६ किलो. इथं बरेच जण थांबतात. थांबू नका. तो आकडा वीजकेंद्रातून बाहेर पडलेल्या युनिटचा आहे, आणि वाटेत तारा, ट्रान्सफॉर्मर तापतात त्यात वीज जाते. १०० युनिट निघाले आणि ८५ घरात पोचले असं धरू. मग ०.७२ भागिले ०.८५, म्हणजे जवळजवळ ०.८५ किलो. तेव्हा घरचा सोपा हिशेब: बिलातले युनिट गुणिले ०.८५. आपल्या १२० युनिटचे झाले १०२ किलो. यापुढे दशांश चिन्ह लावून कुणी १०२.३७ सांगायला लागलं तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला. अंदाज आहे हा, इकडं-तिकडं दहा टक्के धरायचेच.

घरातलं एकच काम जवळून बघू: अंघोळीचं पाणी. थंडीत २० लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला ८०० किलोकॅलरी लागतात. एका युनिटमध्ये ८६०. थोडी उष्णता वाया जाते, म्हणजे गिझरनं एक बादली कढत पाणी बरोबर एक युनिट खातं. धूर ०.८५ किलो. तेच पाणी गॅस गिझरवर तापवलं तर शंभर ग्रॅमच्या आत गॅस जळतो. एलपीजीच्या एका किलोमागे ३ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे पाव किलोच्या थोडा वर. आहे की नाही गंमत? वीज घरात स्वच्छ दिसते, पण कोळसा जाळून पाण्याची वाफ, वाफेवर टर्बाइन, त्याची वीज, आणि त्या विजेनं परत पाणीच तापवायचं! त्या फेऱ्यात दोन तृतीयांश उष्णता केंद्रावरच सुटते. फक्त गॅस गिझर बंद न्हाणीघरात लावू नका, त्यात माणसं दगावतात. गच्चीवर सोलर असेल तर हिशेबच मिटला. आणि बंब? लाकडाचा कार्बन झाडानं हवेतूनच घेतलेला, म्हणून झाड परत लावलं तर तो सहसा धरत नाहीत. साखर कारखान्यात बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, वीज होते तिलाही हाच नियम. डोळ्यांत जाणारा धूर मात्र खराच असतो.

शेतीचं गणित मोठं आहे. पाच एचपीची मोटर म्हणजे ३.७ किलोवॅट, आणि मोटर त्याहून थोडी जास्तच ओढते. आठ तास चालली तर तिसेक युनिट, म्हणजे एका दिवसात पंचवीस किलो. महिन्याला दहा लिटर पेट्रोल पिणारी तुमची गाडी महिनाभरात तेवढा सोडते. पुष्कळ कृषिपंपांचं बिल मीटरवर येतच नाही, एचपीवर येतं, त्यामुळे हा आकडा कुणी बघत नाही. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजना कृष्णेचं पाणी उपसून टप्प्याटप्प्यानं दुष्काळी भागात चढवतात, तिथं तर पाणी म्हणजे वीजच. सांगलीकडच्या द्राक्षाचा कार्बन काढायला बसलात तर खत, औषध, ट्रकच्या आधी उपसा धरा.

छतावर सोलर बसवलेल्यांसाठी एक. तीन किलोवॅटला दिवसाला साधारण १२ युनिट मिळतात, बिल शून्यावर येतं, आणि लोक कार्बनही शून्य लिहून मोकळे होतात. तसं करू नका. नेट मीटरवर घेतलेले आणि दिलेले युनिट वेगवेगळे येतात. दुपारी तुम्ही दिलेत तेव्हा ग्रिडमध्ये ऊन असतंच, रात्री घेतलेत तेव्हा कोळसा जास्त. मी घेतलेले युनिट ०.८५ नं गुणून एका ओळीत लिहितो, दिलेले दुसऱ्या ओळीत, आणि वजाबाकी करत नाही.

तुमचा 'एकूण' रकाना किती निघाला ते खाली लिहा. घरात माणसं किती तेही लिहा, नाहीतर तुलना होणार नाही. आणि मीटर बंद म्हणून सरासरीवर बिल आलं असेल तर तो महिना सोडून द्या.