सरोवर क्रमांक २६०

कॅनडातील ऑन्टारियो प्रांताच्या वायव्य भागात काही सरोवरे केवळ प्रयोगांसाठी राखून ठेवलेली आहेत. त्यांपैकी 'सरोवर २६०' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सरोवरात शास्त्रज्ञांनी २००१ पासून सलग तीन उन्हाळे इथिनाइलएस्ट्राडायोल हे गर्भनिरोधक गोळ्यांतील कृत्रिम संप्रेरक मिसळले. शहरांच्या सांडपाण्यावाटे ते नद्यांत उतरते. येथे त्याचे प्रमाण लिटरमागे जेमतेम ५ ते ६ नॅनोग्रॅम होते.

या सरोवरात फॅटहेड मिनो नावाचे बोटाएवढे मासे राहतात. बुडालेल्या ओंडक्याच्या खालच्या अंगाला मादी अंडी चिकटवते. त्यांची राखण नर करतो, इतर नरांना पिटाळून लावतो आणि पाठीवरील जाड, मऊ त्वचेने अंडी घासून स्वच्छ ठेवतो. संप्रेरक मिसळल्यावर या नरांच्या शरीरात एरवी माद्यांमध्येच मोठ्या प्रमाणावर आढळणारे, अंड्यातील बलकाचे प्रथिन तयार होऊ लागले, वृषणांची वाढ खुंटली आणि काहींच्या वृषणांत अंडपेशी आढळल्या. पुढे नवी पिल्ले दिसेनाशी झाली आणि मिनो जवळजवळ नाहीसे झाले.

या प्रयोगाची चर्चा बहुधा मादीसारख्या झालेल्या नरांपाशीच थांबते. त्याहून बोलके निरीक्षण असे की त्याच पाण्यातील लेक ट्राउट हे मोठे, शिकारी मासे टिकून राहिले. त्यांची संख्या घटली, पण त्यामागे भक्ष्य असलेले लहान मासे कमी होणे हे मोठे कारण होते. मिनोचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे असल्याने विणीचे एक-दोन हंगाम वाया गेले की पुढची पिढीच उरत नाही; उशिरा वयात येणारा आणि कित्येक दशके जगणारा ट्राउट मात्र असे काही हंगाम सोसू शकतो. प्रजननाचे हे वेळापत्रक उत्क्रांतीतून घडलेले असते आणि प्रदूषणाचा परिणाम किती लवकर उघड होईल, हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरते.

माणसाचे वेळापत्रक ट्राउटसारखे संथ आहे, आणि इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा (सरोवरात मिसळलेले संप्रेरक त्याचेच कृत्रिम रूप) संदेश झेलणारी ग्राहीप्रथिने मासे व माणूस या दोघांतही आहेत. १९४० च्या दशकापासून गर्भपात टळावा म्हणून अनेक गर्भवतींना डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन दिले गेले. १९७१ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी योनिमार्गाचा दुर्मीळ कर्करोग झालेल्या आठ तरुणींची नोंद प्रसिद्ध केली. त्यांपैकी सात जणींच्या मातांनी गरोदरपणी हे औषध घेतले होते.

मिसळणे थांबल्यानंतर काही वर्षांतच सरोवरातील मिनो पूर्ववत झाले. डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉलच्या बाबतीत अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९२ मध्ये दीर्घकालीन पाठपुरावा हाती घेतला आणि पुढे त्यात औषध घेतलेल्या स्त्रियांच्या नातींचाही समावेश केला.