उखळातला ठ

(दृश्य: वरून दिसणारं उखळ. मुसळ उठतं, पडतं.)

सोलापूर, सकाळचे सात. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ. मुसळाचे घाव बसत जातात तसं दाण्याला तेल सुटतं आणि चटणी लालभडक होते. दोघी जावांचा हा उद्योग. बँकेच्या कागदावर तो स्टार्टअप आहे. घरात अजून ‘चटणीचं काम’च म्हणतात.

(दृश्य: दुकानाची फळी.)

हे त्यांचं पहिलं पाकीट. मोबाईलवरच्या तयार नमुन्यातून केलेलं. लाल मिरचीचं चित्र, खाली रोमन अक्षरांत नाव. आता शेजारची पाकिटं बघा. मिरची, मिरची, मिरची. एकदा चव घेतलेलं गिऱ्हाईक परत यायचं आणि भलतंच पाकीट घेऊन जायचं.

(दृश्य: कागद, शाई, बोरू.)

नवं नाव तुम्हाला पडद्यावर दिसतंच आहे. पहिलं अक्षर ठ. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं, म्हणून हात एका दिशेला गेला की रेष जाड उतरते, वळला की बारीक. अक्षरकार ठ काढतोय. कागदामागून कागद. कधी गोल लांबुळका होतो, कधी वरची रेघ कलते. दारात उभ्या राहून बघणाऱ्या थोरल्या जाऊबाई एकदम म्हणाल्या, “अहो दादा, हे तर आमचं उखळच की!”

खरंच. शिरोरेघेखालून उतरणारं मुसळ आणि त्याच्याखाली गोल उखळ. बोधचिन्ह अक्षरातच बसलेलं होतं. मग दोन दिवस काम चाललं ते त्या गोलावर. मुसळाची रेघ गोलात किंचित आत शिरली पाहिजे, पण चार हातांवरून ठ हा ठच वाचला गेला पाहिजे.

(दृश्य: भिंतीवर जुन्या नाट्यजाहिरातींची कात्रणं.)

कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावं अशी रेखाटली की अक्षर बघूनच नाटकाचा स्वभाव कळावा. २०१० साली आलेलं रुपयाचं चिन्ह डी. उदय कुमार यांनी आपला र आणि रोमन आर एकत्र आणून घडवलं, शिरोरेघेसकट. ते आज प्रत्येकाच्या खिशातल्या नोटेवर आहे. मग आपल्या मातीतली चटणी आपल्या अक्षरात का दिसू नये?

(दृश्य: छपाईचं यंत्र.)

इथे प्रत्येक रंगाला वेगळं सिलिंडर, म्हणजे छपाईचा रूळ, कोरावं लागतं. रंग वाढला की खर्च वाढला. पाच रंगांचा आराखडा तिनावर आला: तेल सुटलेल्या चटणीचा लाल, सुती कापडाचा पांढुरका आणि शाकाहाराच्या ठिपक्याचा हिरवा. तो ठिपका कायद्याने लागतोच. कडेला सोलापुरी चादरीची नक्षी होती, ती काढली. ती चादरीची ओळख आहे, चटणीची नव्हे. आता लाल पाकिटावर एकटा मोठा ठ आहे, आणि त्याच्याभोवती मोकळी जागा. ती जागा भरायचा मोह दोघींनी आवरला, याचं मला फार कौतुक वाटतं.

ट्रेडमार्कचा अर्ज ऑनलाइन गेला आहे. छोट्या उद्योगाला मालाच्या एका वर्गासाठी ४,५०० रुपये शुल्क. पुण्यातली काही दुकानं मिळाली, दोघी बायका नव्याने कामावर आल्या.

(दृश्य: धाकट्या जाऊबाई फळीवर पाकीट ठेवतात, ठ समोर येईल असं फिरवतात. निवेदन नाही. फक्त मुसळाचा आवाज.)