आतली कडी

श्रोतेहो, नमस्कार.

आज जे बोलायचं आहे, ते घरोघरी दबक्या आवाजात चालू असतं. आई किंवा बाबा एकटे राहतात. गोळ्या चुकतात, गॅस सुरू राहून जातो, एखाद दिवशी पडणं होतं. मुलं पुण्याला, बंगलोरला, नाहीतर गावातच पण दिवसभर नोकरीवर. मग कुणीतरी म्हणतं, देखभाल होईल असं चांगलं ज्येष्ठ निवास बघू या. आणि ज्यांच्यासाठी बघायचं ते म्हणतात, मी कुठं जात नाही.

माझे बाबा हेच म्हणाले. रेल्वेत गार्ड होते ते. वय ८३. आई गेल्यावर सहा वर्षं इथं नागपुरात, मानेवाड्याच्या घरात एकटे राहिले. तिथंच पडले, तेही घरात नाही, फाटकाशी. आमच्या समोरचा रस्ता सिमेंटचा झाला आणि घरापेक्षा हातभर उंच गेला. आता बाहेर पडायचं तर उतार चढावा लागतो. हे मला बोलायचंच आहे: जुना थर खरवडून मग नवा रस्ता केला असता तर पातळी राहिली असती. पावसाचं पाणी घरात येतं, त्याची तक्रार सगळे करतात. पण त्या उतारांपायी किती म्हाताऱ्या माणसांचं संध्याकाळचं फिरणं सुटलं, ते कुणी मोजत नाही.

असो. बाबांचं मनगट मोडलं. दादा पुण्याहून आला. आम्ही दोघांनी तीन महिने त्यांना समजावलं. समजावलं म्हणजे आम्ही बोललो आणि ते ऐकत राहिले. का नको, हे आम्ही एकदाही विचारलं नाही. पुन्हा सांगते, विचारलं नाही.

शेवटी नुसतं बघून तर या, म्हणून वर्धा रोडकडच्या एका ठिकाणी नेलं. तिथल्या मॅडमनी सगळं दाखवलं. बाथरूममध्ये धरायला दांडा, उशाशी बेल, खिडकीला कूलर. बाबा गप्प. त्यांनी खोलीचं दार लोटलं आणि दाराच्या आतल्या बाजूवर हात फिरवला. वरपासून खालपर्यंत. म्हणाले, "कडी नाही." मॅडम म्हणाल्या, "काका, सुरक्षेसाठी काढल्या. आत कुणी पडलं तर उघडणार कसं?" बाबा मला म्हणाले, "चल पोरी."

दुसऱ्या ठिकाणीही तसंच. दार, हात, "चल पोरी." परतताना मी चिडले. म्हटलं, "बाबा, एका कडीसाठी काहून अडून बसता?" ते काही बोलले नाहीत.

रात्री जेवताना बोलले. पानात वडाभात होता, तो तसाच ठेवून म्हणाले, "नोकरीभर रनिंग रूममध्ये झोपलो मी. एका खोलीत खाटांची रांग. कोणाची ड्युटी कधी, कोणाची कधी. कॉलबॉय येणार, हलवून उठवणार, सही घेणार. डोळा लागला की कोणीतरी आत. घरी आलो की पहिले कडी लावायचो. तुझी आई हसायची. कडी लागली की वाटते, आता मी माझ्या घरी आहो."

पन्नास वर्षांची मी, त्यांची मुलगी, आणि हे मला माहीत नव्हतं.

तिसरं ठिकाण काटोल रोडच्या बाजूला. तिथल्या व्यवस्थापकांनी बाबांचं बोलणं पूर्ण ऐकलं. मग एक खोली दाखवली. दाराला आतून कडी होती आणि बाहेरच्या बाजूला एक खाच, नाणं घालून फिरवलं की उघडणारी. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं, म्हणजे माणूस दाराशी पडलं तरी दार अडत नाही. बाबा आत गेले, कडी लावली आणि ओरडले, "आता खोल." मी रुपयाचं नाणं लावलं. तीनदा करायला लावलं त्यांनी. मग तिथल्या मावशींना म्हणाले, "बाई, नाणं लावायच्या आधी दार ठोकायचं." मावशी म्हणाल्या, "हो बाबाजी." तेव्हा ते पंधरा दिवसांसाठी तयार झाले. घराची चावी त्यांच्याच खिशात राहील, ही अट त्यांची. दुसरी दिवाळी येईल आता, ते तिथं आहेत, आणि चावी अजून त्यांच्याच खिशात आहे.

वेळ थोडा आहे, म्हणून बाकीचं भराभर सांगते. जागा बघायला जाल तेव्हा विचारा, रात्री कोण असतं? दिवसा सगळीकडे माणसं दिसतात. रात्री कोण असतं, ते विचारा. माणूस अंथरुणाला खिळलं तर ठेवून घेतील की घरी न्या म्हणतील, तेही विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी चालत्याफिरत्यालाच घेतात. डिपॉझिट किती परत मिळणार, ते कागदावर घ्या. पेन्शन असेल तर नोव्हेंबरातला हयातीचा दाखला विसरू नका.

आणि घर मुलांच्या नावावर करायची घाई आईबाबांनी करू नये. करायचंच असेल तर देखभालीची अट बक्षीसपत्रात लिहून घ्यावी. ती पाळली नाही तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याखाली न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द ठरवू शकतं. अट लिहिलेली हवी.

अजून एक. "बाबांना तिथं ठेवलं" असं नका म्हणू. ट्रंक ठेवतात, भांडी ठेवतात. बाबा तिथं राहायला गेले, असं म्हणा. त्यांच्यासमोर तर नक्कीच.

ज्येष्ठांसाठी फुकट हेल्पलाइन आहे, एल्डरलाइन. नंबर लिहून घ्या: १४५६७. एक, चार, पाच, सहा, सात. सकाळी आठ ते रात्री आठ.

नमस्कार.