तपकिरी कपलर, पोकळ लिव्हर

[दृश्य: सीट काढलेली टुरिंग मोटरसायकल. बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टिमीटरच्या काड्या.]

सेल्फचं बटण दाबलं. स्टार्टर फिरत नाही, रिले (स्टार्टरला वीज जोडणारा स्विच) नुसता टकटक करतो. इथे बहुतेक जण नवी बॅटरी बसवून मोकळे होतात, आणि चार दिवसांत तीही बसते.

म्हणून आधी मीटर. रात्रभर उभ्या गाडीची चांगली लेड-ॲसिड बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. सेल्फ मारताना आकडा १० च्या खाली कोसळला, तर बॅटरी थकली आहे किंवा टर्मिनलचा स्क्रू सैल आहे. स्क्रू आधी आवळा, त्याला पैसे पडत नाहीत.

आता इंजिन चालू, हेडलाइट चालू, ॲक्सिलरेटर चार हजार आरपीएमवर. साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. १२.५ वरच अडकला, तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेला, तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) गेला. बॅटरी उकळून मरणार.

[जवळून: स्टेटरच्या (इंजिनमध्ये वीज तयार करणाऱ्या कॉईल्सच्या) तीन पिवळ्या वायरींचा पांढरा कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग). मधली पिन काळवंडलेली, भोवतालचं प्लास्टिक तपकिरी.]

चार्जिंग होत नसेल तर पहिली नजर इथे. कपलरमध्ये पावसाचं पाणी शिरतं, पिनेवर गंज चढतो, आणि गंजलेल्या जोडातून करंट जाताना तेवढीच जागा तापते. तापली की पिनेची पकड सैल होते, सैल झाली की आणखी तापते. नुसता स्प्रे मारून कपलर परत खोचला, तर तो पुन्हा जळणारच. जळका भाग कापा, दोन्ही बाजूंना नवीन टर्मिनल क्रिंप करा (दाबून घट्ट बसवा), वर डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारं) ग्रीस भरा.

पिना स्वच्छ निघाल्या, तर कपलर सुटाच ठेवून इंजिन चालू करा आणि मीटर एसी व्होल्टवर घ्या. स्टेटरकडच्या तीन वायरींच्या तिन्ही जोड्या मोजा. आकडे बरोबरीचे हवेत आणि रेस दिली की एकसारखे चढायला हवेत. आरपीएम वाढल्यावर इथे ५० व्होल्टच्याही वर जातं, तेव्हा ओल्या हातांनी नको. एक जोडी मागे पडली, तर कॉईल जळली. मग इंजिन बंद करून प्रत्येक वायर आणि इंजिनची बॉडी यांच्यात कंटिन्युइटी (वीज आरपार जाते का ते) बघा. बीप वाजला, तरी स्टेटरच गेलेला. सगळं ठीक निघालं, तर मग रेग्युलेटरवर संशय.

[दृश्य: आंबोली घाट, पाऊस. बॅगांनी लादलेली गाडी सावंतवाडीच्या दिशेनं उतरते आहे.]

मागे माणूस, दोन्ही बाजूंना सामान, आणि पाय सतत मागच्या ब्रेकवर. ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषतं. ताजं डॉट ४ (ब्रेक ऑईलचा एक दर्जा) किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. जेमतेम पावणेचार टक्के पाणी मुरलं, की हीच हमी १५५ अंशांवर येते. उकळलं की वाफ होते. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल खोल जातं आणि गाडी थांबत नाही. खाली उतरून ब्रेक थंड झाले, की पेडल पुन्हा घट्ट. म्हणूनच गॅरेजवाला सांगतो, ‘ब्रेक तर ठीक आहेत.’ कंपनी दोन वर्षं म्हणत असली, तरी कोकणातल्या पावसात फिरणाऱ्यानं दरवर्षी ऑईल बदलावं.

थंड असतानाही लिव्हर पोकळ लागतो? मग लाइनमध्ये हवा आहे.

[जवळून: कॅलिपरचा (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) निप्पल, म्हणजे हवा काढायचा पोकळ स्क्रू, त्यावर पारदर्शक नळी. नळीचं टोक बाटलीतल्या ऑईलमध्ये बुडलेलं.]

लिव्हर दाबून धरा. निप्पल पाव फेरा सैल करा, बुडबुडे जाऊ द्या. निप्पल बंद करा, मगच लिव्हर सोडा. क्रम चुकला तर हवा परत आत. ब्रेक ऑईलच्या टाकीतली पातळी खालच्या खुणेच्या वर ठेवा, आणि रंगावर ऑईल सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ४ मध्ये मिसळायचं नाही; डॉट ५.१ चालतं.

एका बाजूचं पॅड झिजलं आणि दुसरं जाडच राहिलं, तर पॅडची जोडी बदलून भागत नाही. कॅलिपरच्या सरकत्या पिना सुकलेल्या असतात. काढून पुसा, सिलिकॉन ग्रीस लावा.

[जवळून: गाडीच्या मीटरवर पेटलेला एबीएसचा (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा.]

इग्निशन दिल्यावर हा लागतो, गाडी चालू लागली की विझायला हवा. विझला नाही, तर चाकाजवळच्या सेन्सरवरचा चिखल आणि पॅडचा लोखंडी चुरा पुसा. तरीही पेटलेलाच? पान्यांना हात लावण्याआधी बॅटरीवर मीटर लावा. व्होल्टेज पडलं की एबीएस स्वतःला बंद करून घेतं, आणि ब्रेकचा समजलेला बिघाड त्या तीन पिवळ्या वायरींच्या कपलरमध्ये सापडतो.