दहावे कलम: जैविक शस्त्रबंदी आणि शास्त्राची देवघेव

श्रोतेहो,

आजचे व्याख्यान एका कलमापुरते आहे. जैविक शस्त्रांचा विकास, उत्पादन आणि साठा यांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार १० एप्रिल १९७२ रोजी सह्यांसाठी खुला झाला आणि २६ मार्च १९७५ पासून अमलात आला. भारताने त्याला १९७४ च्या जुलैत मान्यता दिली. आज १८५ हून अधिक राष्ट्रे त्यात सामील आहेत. पहिल्या कलमातील बंदीची चर्चा सर्वत्र होते, दहाव्या कलमाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. हे कलम सांगते की जिवाणू, विषाणू आणि विषद्रव्ये यांच्या शांततामय वापरासाठी लागणारी उपकरणे, साहित्य व शास्त्रीय माहिती यांची शक्य तितकी देवघेव सदस्य राष्ट्रांनी करावी, तिच्यात भाग घेण्याचा प्रत्येकाला हक्क असावा आणि करार राबवताना कोणाच्याही आर्थिक वा तांत्रिक विकासात अडथळा येऊ नये.

या कलमाकडे पाहण्याची रूढ दृष्टी अशी की शस्त्रे सोडणाऱ्या गरीब देशांना श्रीमंत देशांनी दिलेली ही दक्षिणा आहे. मला ती दृष्टी पटत नाही. ज्या करारात तपासनीस नाहीत, त्यात दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत काय चालले आहे हे कळण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे त्या प्रयोगशाळेत त्याच्या शेजारी बसून काम करणे. म्हणून देवघेवीचे हे कलम बंदीच्या कलमाइतकेच संरक्षणाचे आहे. मात्र त्यासाठी देवघेवीच्या अटी उघड असाव्या लागतात, आणि आज मला मुख्यतः बोलायचे आहे ते या अटींविषयीच.

आपण परळमध्ये बसलो आहोत, तेव्हा उदाहरण इथलेच घेऊ. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतर काही आठवड्यांतच वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्यांनी लसीचे काम सुरू केले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना दिली. हा माणूस मूळचा ओडेसाचा, काम केलेला पॅरिसच्या पाश्चर संस्थेत, आणि ज्या जंतूवर तो काम करीत होता तो दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये ओळखला गेला होता. पुढे १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आलेली ती प्रयोगशाळा म्हणजेच आजची हाफकिन संस्था. जंतू हाँगकाँगचा, विद्या पॅरिसची आणि लस मुंबईची, असा हा व्यवहार दहावे कलम लिहिले जाण्यापूर्वी पाऊणशे वर्षे झालेला आहे.

हाच जंतू दुसऱ्या हातांतही पडला. १९४० च्या ऑक्टोबरात जपानी सैन्याच्या ७३१ क्रमांकाच्या तुकडीने चीनमधील निंगबो शहरावर विमानातून प्लेगग्रस्त पिसवा टाकल्या. लसीसाठी जंतू मोठ्या प्रमाणावर वाढवावा लागतो आणि शस्त्रासाठीही वाढवावाच लागतो. वाढवण्याची कृती दोन्हीकडे बरीचशी सारखी असते. म्हणूनच करारकर्त्यांनी निषिद्ध जंतूंची यादी केली नाही. रोगप्रतिबंध, संरक्षण किंवा अन्य शांततामय हेतूंनी ज्याचे समर्थन होऊ शकत नाही असा जंतूचा प्रकार किंवा असे प्रमाण बाळगता येणार नाही, असे त्यांनी लिहिले. म्हणजे बंदी हेतूवर घातली. शहाणपणाचाच निर्णय, कारण यादी केली असती तर नवा जंतू निर्माण होताच ती कालबाह्य झाली असती. पण हेतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. भारताने सही करतानाच नोंदवले होते की शांततामय कामांसाठी दिलेली ही मोकळीक शस्त्रे बनवण्याची किंवा राखण्याची पळवाट ठरता कामा नये.

हेतू तपासायचा कसा, याचे उत्तर करारात नाही. रासायनिक शस्त्रांच्या बंदीसाठी हेग येथे स्वतंत्र संघटना आहे, तिच्याकडे तपासनीस आहेत. अणुऊर्जेसाठी व्हिएन्नाची संस्था आहे. जैविक करारासाठी मात्र २००६ मध्ये जिनिव्हात तीन माणसांचा एक कक्ष स्थापन झाला आणि सदस्य राष्ट्रांच्या २०२२ च्या परिषदेत त्यात आणखी एका माणसाची भर घालण्याचे ठरले. तपासणीचा स्वतंत्र मसुदा तयार करण्यासाठी १९९५ पासून वाटाघाटी चालल्या होत्या. २००१ च्या जुलैत अमेरिकेने तो मसुदा नाकारला आणि सगळे काम थांबले. अमेरिकेला गुप्त संरक्षण-संशोधन आणि औषध कंपन्यांची व्यापारी गुपिते उघडी पडण्याची भीती होती. परंतु सगळा दोष एकाच राष्ट्राच्या माथी मारणे सोयीचे असले तरी खरे नाही. निर्यात-नियंत्रणे आणि दहावे कलम यांवरून विकसनशील देश आणि पाश्चात्त्य देश यांच्यात अखेरपर्यंत ओढाताण चाललेली होती.

एकत्र काम करणे हेच तपासणीचे साधन, असे मी म्हटले, तेव्हा त्याविरुद्धचा सर्वांत अवघड पुरावा मीच मांडला पाहिजे. देवीच्या रोगाच्या निर्मूलनात सोव्हिएत संघाने गोठवून सुकवलेल्या लसीचे कोट्यवधी डोस दिले आणि त्यांतील फार मोठा वाटा भारतात आला. अमेरिकी आणि सोव्हिएत तज्ज्ञ शीतयुद्धाच्या ऐन भरात एका मोहिमेत काम करीत होते. १९७५ च्या मे महिन्यात देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला. त्याच काळात सोव्हिएत संघ देवीच्या विषाणूचे शस्त्र बनवीत होता. त्या कार्यक्रमातून बाहेर पडलेल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने पुढे सांगितले की शस्त्रासाठी निवडलेला वाण भारतातूनच नेलेला होता. १९७९ च्या एप्रिलमध्ये स्वेर्दलोव्स्क शहरात लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या जंतूंचे बीजाणू हवेत सुटले आणि किमान ६६ माणसे मेली. मांस दूषित होते, असा खुलासा मॉस्कोने कैक वर्षे केला आणि १९९२ मध्ये रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी लष्कराचा संबंध मान्य केला. तेव्हा निव्वळ सहकार्य पुरेसे नाही. देवीच्या मोहिमेत नमुने मॉस्कोकडे जात होते, पण मॉस्कोच्या प्रयोगशाळेत भारतीय शास्त्रज्ञ कोणत्या खोलीपर्यंत जाऊ शकत होता? वाट एकाच बाजूने खुली होती.

आता आपल्याकडील एक प्रकरण थोडे सविस्तर सांगतो, कारण आजच्या विद्यार्थ्यांना ते बहुधा ठाऊक नसते. जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांनी मिळून दिल्लीत डासांच्या आनुवंशिक नियंत्रणाचा प्रकल्प चालवला होता. अमेरिकेकडून आलेल्या धान्याच्या मोबदल्यात भारतात साठलेल्या रुपयांतून, त्या देशाच्या आरोग्यसेवेमार्फत, त्याला पैसा मिळत होता. वांझ नर सोडून डासांची संख्या घटवायची, अशी कल्पना होती, आणि ज्या जाती घेतल्या त्यांत पीतज्वर वाहणारा एडिस इजिप्ती होता. पीतज्वर भारतात नाही. मग हिवतापाने पोळलेल्या देशात आधी हा डास का, असा प्रश्न १९७४ मध्ये एका वृत्तसंस्थेच्या बातमीने विचारला, आणि जंतुयुद्धाच्या दृष्टीने उपयोगी माहिती इथे गोळा होत असल्याचा संशय उघडपणे मांडला. संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५ च्या एप्रिलमध्ये दिलेल्या अहवालात परदेशी सहकार्याच्या अशा अनेक प्रकल्पांवर कठोर टीका केली. दिल्लीजवळच्या सोनीपतला डास सोडण्याचा बेत बारगळला आणि त्याच वर्षी प्रकल्प गुंडाळला गेला.

त्याच अहवालात मुंबईचीही एक संस्था होती: १८८३ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली, माणसे तापाने आजारी पडू लागली आणि नवा विषाणू सापडला. तो सैबेरियाकडील एका विषाणूच्या नात्यातला निघाल्याने, तिकडून येणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींतून तो आला असेल का, हा प्रश्न साहजिक होता. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली सोसायटीने हजारो पक्ष्यांच्या पायांत कड्या घातल्या आणि गोचिडींचे व रक्ताचे नमुने घेतले. शास्त्रीय दृष्टीने प्रश्न अगदी योग्य होता. पण पैशाचा एक स्रोत अमेरिकी लष्कराची, स्थलांतरित प्राण्यांच्या रोगांचे सर्वेक्षण करणारी योजना होती. पक्षी कुठून कुठे जातात आणि सोबत काय नेतात, ही माहिती डॉक्टरला हवी असते तशी सेनापतीलाही हवीशी वाटू शकते, आणि इतके म्हणणे संशयाला पुरेसे ठरले.

या दोन्ही प्रकल्पांत शस्त्रसंशोधन झाल्याचे सिद्ध झाले नाही. दिल्लीच्या प्रकल्पातील शास्त्रज्ञांनी आरोप फेटाळले आणि सालिम अलींनीही ते नाकारले. तरीही समितीने विचारलेले प्रश्न मला आजही रास्त वाटतात: नमुने कुठे जातात, निष्कर्षांवर मालकी कोणाची, पैसा देणाऱ्याचा प्रत्यक्ष हेतू कोणाला ठाऊक आहे, आणि भारतीय बाजूने हे सगळे पाहणारे एक ठिकाण आहे की नाही? या प्रश्नांची उत्तरे करारपत्रात पहिल्याच दिवशी लिहिलेली असती, तर कदाचित कामही टिकले असते. संशयाची किंमतही आपणच मोजली. १९७६ मध्ये देशात हिवतापाच्या ६४ लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. तो प्रकल्प चालू राहिला असता तर हिवताप आटोक्यात आला असता, असे मी म्हणणार नाही, पण डासांवरील आनुवंशिक संशोधनाची आपल्याकडची वाट त्यानंतर बराच काळ ओस पडली, हे खरे.

आता निर्यातीच्या परवान्यांकडे वळू. इराकने इराणविरुद्ध रासायनिक शस्त्रे वापरल्यावर १९८५ मध्ये ऑस्ट्रेलिया गट नावाचा काही देशांचा समूह उभा राहिला आणि पुढे त्याने जैविक साहित्याचीही यादी केली. या यादीत जंतू वाढवण्याची, २० लिटर वा अधिक क्षमतेची किण्वनपात्रे येतात. २० लिटरचे पात्र म्हणजे काही कारखाना नव्हे. लस किंवा विकर (एन्झाइम) बनवू पाहणाऱ्या लहान कंपनीलाही त्याहून मोठे लागते. भारतासह अलिप्त राष्ट्रांनी वर्षानुवर्षे तक्रार केली की काही निवडक देशांनी बाहेर बसून ठरवलेली ही नियंत्रणे दहाव्या कलमाचा भंग करतात. त्यावर, हस्तांतर रोखण्याची जबाबदारी तिसऱ्या कलमाने आमच्यावर टाकली आहे, असे त्या गटाचे उत्तर असे. १९ जानेवारी २०१८ रोजी भारत स्वतःच त्या गटात दाखल झाला. ज्या मालाच्या निर्यातीला परवाना लागतो त्याच्या आपल्या यादीचा, म्हणजे स्कोमेट यादीचा, दुसरा विभाग सूक्ष्मजीव आणि विषद्रव्यांचा आहे आणि मुंबईतून असा माल बाहेर पाठवायचा तर परवाना लागतोच. पूर्वीच्या आपल्या भाषणांची आठवण आता आफ्रिकेतला एखादा देश आपल्याला करून देऊ शकतो, आणि त्याला उत्तर देणे ही आपली जबाबदारी आहे. नकार दिला तर कारण लेखी द्यावे आणि ठराविक मुदतीत द्यावे, एवढा नियम तरी आपण स्वतःहून पाळायला हरकत नाही.

नमुन्यांच्या बाबतीत इंडोनेशियाने वेगळी वाट धरली. आपण दिलेल्या बर्ड फ्लूच्या विषाणूंपासून परदेशी कंपन्या लस करतात आणि ती आपल्यालाच परवडत नाही, असे म्हणत त्या देशाने २००७ मध्ये नमुने देणे थांबवले. जगाच्या आरोग्याशी खेळ, असा ओरडा झाला. पण त्यातूनच २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्यांनी इन्फ्लुएंझाच्या विषाणूंची आणि त्यांपासूनच्या लाभांची वाटणी एकाच चौकटीत बांधली. दहाव्या कलमाखाली अशी चौकट अद्याप नाही. २०११ मध्ये मदतीच्या मागण्या आणि मदतीचे देकार यांची एक नोंदसूची ठरली. २०२२ च्या परिषदेने सहकार्यासाठी आणि शास्त्रीय घडामोडींच्या आढाव्यासाठी दोन स्वतंत्र यंत्रणा उभारण्याच्या दिशेने कार्यगट नेमला, आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये मसुदा पुढ्यात असूनही एकमत झाले नाही. या करारात सगळे निर्णय एकमताने होतात, त्यामुळे एकाही राष्ट्राचा नकार पुरतो.

यंत्रणेची वाट पाहत थांबण्याचे मात्र कारण नाही. १९८६ मध्ये ठरल्यानुसार सदस्य राष्ट्रे परस्परविश्वासासाठी दरवर्षी माहितीपत्रके भरतात. कोणत्या प्रयोगशाळेत कोणत्या दर्जाची सुरक्षा आहे, कोणत्या असाधारण साथी आल्या, लशी कुठे बनतात, हे त्यांत लिहायचे असते. लसनिर्मितीचे पत्रक १९९१ मध्ये जोडले गेले. अनेक राष्ट्रे पत्रके पाठवतच नाहीत, आणि पाठवणाऱ्यांपैकी काही ती सर्वांना पाहू देत नाहीत. आपल्या शहरात लसी बनतात, विषाणूंवर काम होते, परदेशी विद्यापीठांशी करार होतात. त्या करारांत नमुने, निष्कर्ष आणि पैसा यांविषयीची तीन-चार वाक्ये सर्वांना वाचता येतील अशी छापावीत, आणि परदेशी सहकाऱ्याला आपल्या प्रयोगशाळेत जिथवर येऊ देतो तिथवर त्याच्या प्रयोगशाळेत आपला माणूस जाऊ शकेल, हे त्यांतच लिहून घ्यावे. यासाठी जिनिव्हाच्या एकमताची गरज पडत नाही.