नवी मुंबईत नक्की राहतं कोण?

नमस्कार मंडळी. आज आमच्या नवी मुंबईबद्दल थोडं बोलूया, म्हणजे पूल, मेट्रो, एअरपोर्ट नाही, ते तुम्ही रोज ऐकता, आज माणसांबद्दल. इथे कुणालाही विचारा गाव कुठलं, एक जण सांगेल जुन्नर, दुसरा पाटण, तिसरा पालघाट, चौथा थेट आझमगड. "हेच आमचं गाव" म्हणणारा भेटला की बहुतेक वेळा तो आगरी नाहीतर कोळी.

सिडको, म्हणजे हे शहर वसवणारी सरकारी कंपनी, आली १९७० ला. ९५ गावं, ३४४ चौरस किलोमीटर जमीन आणि कागदावर २० लाख लोकांचं टार्गेट. आयडिया अशी की सरकारी ऑफिसं इकडे हलतील, मागोमाग बाबू लोक येतील आणि मुंबईचा भार कमी होईल. मंत्रालय काही हललं नाही, आपलं बेलापूरच्या कोकण भवनावर, म्हणजे कोकण विभागाच्या सरकारी ऑफिसांवर भागलं! आले ते पोटामागे आलेले. मशीद बंदर, भायखळ्याचे घाऊक बाजार इकडे आले तसा घाटावरचा माथाडी आला, लोखंड बाजारामुळे कळंबोलीत ट्रकवाले सरदारजी आले, १९९२ ला लोकल वाशीला पोचल्यावर तर काय विचारूच नका. २०११ च्या जनगणनेत नुसत्या महापालिका हद्दीत ११ लाख २० हजार माणसं भरली.

आता वाशीच्या सेक्टर ११ मधून चालत चालत जुहूगावात शिरा. सरळ रस्त्याचा एकदम बोळ होतो. चार मजली घर, खाली मालक आणि वर मजल्यामजल्यावर भाड्याच्या खोल्या, एकेका दारासमोर आठ-दहा चपला, दांडीवर डिलिव्हरीवाल्याचा टीशर्ट वाळतोय, कुकरची शिट्टी, भोजपुरी गाणं. सिडकोने सोडतीत गरिबांसाठी फ्लॅट काढले, नाही असं नाही, पण कालच गाडीतून उतरलेल्या पोराकडे कसली अनामत आणि कसला उत्पन्नाचा दाखला? त्याला पहिलं छप्पर दिलं ते गावठाणाने, म्हणजे ज्यांची शेतं, मिठागरं या शहरात गेली त्यांनीच, आणि गंमत बघा, ही घरं फाईलमध्ये मात्र "गरजेपोटी बांधलेली", म्हणजे सरळ भाषेत अनधिकृत. या जमीनवाल्यांना गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मिळाली, पण तीसुद्धा सहज नाही, १९८४ ला उरणकडे शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जणांचा जीव गेला, त्याच्यानंतर.

गणपतीत आमचे सेक्टर निम्मे रिकामे होतात, सगळे आपापल्या गावी, वर्षात तेवढंच पार्किंग मिळतं. गावदेवीच्या जत्रेला मात्र गावठाणात पाय ठेवायला जागा नसते. मागे एकदा पालखीपुढे एक पोरगा काय नाचत होता, तोंडात अस्सल आगरी, मला वाटलं इथलाच. विचारलं, गाव कुठलं रे?

म्हणाला, दरभंगा.