गावाची माया, कॉलेजची जमीन

मंडळी, गाव वाचवण्याच्या गोष्टींत खलनायक बहुधा बाहेरून येतो. कुणी बिल्डर असतो, कुठली तरी कंपनी असते. इंग्लंडमधल्या केंट काउंटीतल्या वाय गावाची गोष्ट मला टोचते ती वेगळ्याच कारणानं. तिथे गावावर चालून आलं ते गावचंच कॉलेज. निदान कागदोपत्री तरी तेच.

जॉन केंप हा वायजवळच्या ओलँटीचा. पुढे कार्डिनल आणि आर्चबिशप झाला, पण गाव विसरला नाही. 1447 साली त्यानं वायच्या चर्चला लागून पाद्र्यांसाठी कॉलेज उभारलं. त्यात गावच्या पोरांना शिकवायची सोयही होती. आठव्या हेन्रीच्या काळात धार्मिक संस्था बुडाल्या, तसं हेही बुडालं. शाळा मात्र उरली. त्याच जुन्या वास्तूत 1894 मध्ये शेतकी कॉलेज सुरू झालं. पहिला प्राचार्य आल्फ्रेड डॅनियल हॉल. मातीच्या अभ्यासातला हा मोठा माणूस इथूनच पुढे रॉथमस्टेडच्या प्रसिद्ध कृषी संशोधन केंद्रावर गेला.

गाव आणि कॉलेज एकमेकांत किती मुरले होते ते बघायचं असेल तर गावामागच्या डोंगराकडे मान वर करायची. नॉर्थ डाउन्स म्हणजे खडूच्या दगडाचे डोंगर. वरचं गवत खरवडलं की खाली पांढरंशुभ्र. 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकानिमित्त कॉलेजच्या पोरांनी त्या उतारावर भलाथोरला मुकुट कोरला. तो आजही लांबून दिसतो. राजाचं मला फारसं कौतुक नाही, पण कुदळी घेऊन डोंगर चढलेल्या पोरांचं आहे. असल्या आकृतीची निगा कायम राखावी लागते, नाहीतर गवत ती हळूहळू गिळून टाकतं.

त्याच डोंगररांगेत एक खोल, कोरडी घळ आहे. लोक तिला सैतानाची काठवट म्हणतात. हिमयुगाच्या अखेरीस पाणी गोठत-वितळत राहिलं, त्यानं खडू भुसभुशीत होऊन वाहून गेला आणि ही घळ पडली. उतारांवर आखूड गवत, रानातली ऑर्किडं, फुलपाखरं. हा भाग राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे आणि भोवतालचा सगळा टापू ‘असाधारण निसर्गसौंदर्याचा प्रदेश’ म्हणून कायद्यानं संरक्षित आहे.

आणि हॉप्स! बिअरला कडवटपणा आणि वास देणारी ही वेल म्हणजे केंटचं जुनं नगदी पीक. वायच्या कॉलेजात अर्नेस्ट सॅमन नावाच्या प्राध्यापकानं आयुष्य या वेलीपायी घालवलं. कॅनडातल्या मॅनिटोबामधून त्यानं एका रानटी हॉपचं कलम मागवलं, तिच्या बियांपासून रोपं वाढवली, वर्षानुवर्षं निवड करत राहिला. त्यातून 1934 मध्ये ‘ब्रुअर्स गोल्ड’ हे वाण बाहेर पडलं. आजच्या कितीतरी कडवट हॉप्सच्या वंशावळीत वायचं रक्त आहे. दोनेक हजार वस्तीच्या गावानं आणखी काय द्यायचं?

2000 साली हे कॉलेज लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात विलीन झालं. शेतीशिक्षणाला विद्यार्थी कमी, खर्च जास्त, तेव्हा मोठ्या घरात गेलं की निभावेल असा हिशेब. पण कॉलेजबरोबर त्याची शेकडो एकर जमीनही त्या घरात गेली, आणि ती होती अ‍ॅशफर्ड शहराच्या उशाला. सरकारनं अ‍ॅशफर्ड वाढीसाठी नेमलेलं. डिसेंबर 2005 मध्ये इम्पीरियलनं जाहीर केलं की वायला शंभर कोटी पौंडांचं संशोधन केंद्र होणार, हजारो नोकऱ्या येणार. जैवइंधन वगैरे विषय, ऐकायला छानच. मग हळूहळू बाहेर आलं की हा खर्च भागवायला संरक्षित जमिनीवर चार हजारांपर्यंत घरं बांधायचा विचार आहे. घरं गावाच्या लोकसंख्येच्या दुप्पट, माणसं नव्हे!

त्याहून वाईट गोष्ट म्हणजे केंट काउंटी कौन्सिल आणि अ‍ॅशफर्ड बरो कौन्सिल यांनी इम्पीरियलशी आधीच करार करून ठेवला होता. ज्यांनी उद्या बांधकामाचा अर्ज तपासायचा, तेच आज पंगतीला बसलेले.

इथे गावाची माया कामाला आली. निव्वळ गहिवरून कुणी चार हजार घरं अडवत नाही. गावात पत्रकार होते, लेखक होते, कॉलेजातून निवृत्त झालेली मंडळी होती. त्यांनी वेबसाइट काढली आणि कागद मागायला सुरुवात केली. ब्रिटनचा माहिती स्वातंत्र्य कायदा 2005 च्या जानेवारीत अमलात आला होता. आपला देशव्यापी माहितीचा अधिकार त्याच वर्षी ऑक्टोबरात आला. कागद मागून मिळाले, काही फुटूनही आले, आणि जे हाती आलं ते गावकरी जाहीर करत गेले. सप्टेंबर 2006 मध्ये इम्पीरियलनं योजना गुंडाळली. वर्षसुद्धा लागलं नाही.

आता तुमच्यातला कुणीतरी विचारणारच, आणि विचारावं, की सुस्थितीतल्या लोकांनी आपल्या दारातला देखावा वाचवला, यात काय मोठेपणा? दक्षिण इंग्लंडात तरुणांना घर परवडत नाही, हे खरंच आहे. माझं उत्तर असं की घरं कुठे आणि किती, हा वाद उघड्यावर व्हायला हवा. वायमध्ये तो बंद दाराआड मिटवून टाकायचा बेत होता, आणि घरं हवीत म्हणून नव्हे तर केंद्राचा खर्च काढायचा म्हणून. शिवाय तो डोंगर काही फक्त वायकरांचा नाही. त्याच्यावरून नॉर्थ डाउन्सची पायवाट जाते. कुणीही यावं, चालावं.

पण विजयाची गोष्ट इथे संपत नाही. जमीन विकता येईना म्हटल्यावर वायमध्ये राहण्यात इम्पीरियलला रस उरला नाही. 2009 मध्ये कॉलेजला कुलूप लागलं. ज्या गावानं कॉलेजपासून शेतं वाचवली, त्याच गावाला कॉलेज मात्र वाचवता आलं नाही. गावकऱ्यांचं भांडण योजनेशी होतं, संस्थेशी कधीच नव्हतं. संस्थेवर तर तिच्या नव्या मालकांपेक्षा त्यांचाच जास्त जीव होता. तिथल्या एका इमारतीत 2013 पासून मुलांची शाळा भरते, बाकी वास्तूंच्या वाट्याला घरांचे आराखडे आले. सॅमननं सुरू केलेलं हॉप्सचं काम कॅन्टरबरीजवळच्या एका शेतावर गेलं. ते चालवणाऱ्या कंपनीचं नाव आहे ‘वाय हॉप्स’.